कानसेनची ग्रामाटिका

आमच्या भिंतीला भिंत लावून एक फिटर राहतो. सगळे त्याला कानसेन म्हणतात. गाण्याशी त्याचा संबंध फार लांबचा. तो न्हाणीघरात गायला लागला की त्याची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीची वहिनी, रेडिओचा आवाज वाढवते. पण यंत्राचं पोट दुखलेलं त्याच्याइतकं लवकर कुणाला कळत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक तो मशीनला टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि थोड्या वेळाने जाहीर करतो, "हिचा एक दात हलतोय." उघडून बघावं तर दात हललेलाच असतो. एकदा मी घरात शिवत बसले होते आणि हा रस्त्याने चालला होता. दारातूनच म्हणाला, "बाई, बॉबिन उलटी बसलीय," आणि निघून गेला. बॉबिन उलटी होती.

तो माझा विद्यार्थी. सहावीत मी त्याला भाषा शिकवायचे आणि सहावीतच मी त्याला दोनदा नापास केलं, दोन्ही वेळा व्याकरणात. ‘वाक्यातील क्रियापद ओळखा’ म्हटलं की हा खिडकीबाहेरच्या हातपंपाकडे कान लावून बसायचा. एका उत्तरपत्रिकेत क्रियापदाच्या जागी त्याने लिहिलं होतं, ‘बाई, पंपाचा वायसर गेलाय.’ वायसर खरंच गेला होता. गुण मात्र मला देता आले नाहीत. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तो शाळेत आलाच नाही. पुढे गॅरेज, मग पिठाची गिरणी, आणि मग लिंबाच्या गोळ्यांचा कारखाना. तिथे त्याला तीस वर्षं झाली. माझ्यावर त्याने कधी राग धरला नाही. अजून बाईच म्हणतो, अजून समोर आलं की हातातली विडी मागे लपवतो.

कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिल्या खोलीत मोठ्या कढईत साखरेचा पाक उकळतो, दुसरीत तो थंड फरशीवर ओतून साच्यातून काढतात, आणि तिसरीत पत्र्याच्या लांब टेबलांभोवती पंधरा बायका बसून प्रत्येक गोळीला कागद गुंडाळायच्या. गोळी मधे, दोन्ही हातांनी दोन्हीकडे पीळ, की पुढची. कागदाच्या कडेने बोटांना चिरा पडायच्या आणि त्या चिरांत लिंबाचा अर्क जायचा. बायकांची म्होरकी मोठी मावशी. तिचे हात मिनिटाला चाळीस गोळ्या गुंडाळायचे आणि तोंड त्याहून वेगात चालायचं. मालक स्वभावाने गरीब, सतत घाबरलेले. वाफेने धुरकटलेला चष्मा पुसत ते दिवसातून चार वेळा म्हणायचे, "बायांनो, तुम्ही बोलता म्हणून गोळ्या फुटतात."

"मग तुम्हीच गुंडाळा मालक, मुक्याने," मावशी म्हणायची.

तर या मालकांना कुणीतरी समुद्रापलीकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातल्या मशीनचा फोटो दाखवला. गोळ्या आपोआप गुंडाळणारं मशीन. मालकांनी फोटो कानसेनला दाखवला. कानसेनने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "घ्या मालक. चालेल."

"फोटोलाही कान लावलास का रे?" मावशीने विचारलं.

"नाही चालली तर?" मालकांनी विचारलं.

आणि तिथे, पंधरा बायकांच्या देखत, कानसेन बोलून गेला, "ती आल्यापासून तीन महिन्यांत चालवली नाही तर हा पाना मी तुमच्या टेबलावर ठेवीन आणि परत फिटर म्हणवून घेणार नाही."

शब्द तोंडातून गेला तो गेला. मावशीने तो तिथल्या तिथे भिंतीवर खडूने लिहून टाकला, आणि मशीन आलं त्या दिवशी पुढे तारीखही टाकली.

मशीन आलं ते लाकडी खोक्यात, तेलकट फडक्यांत गुंडाळून. मधे एक मोठं उभं चाक, चाकावर सहा चिमट्यांच्या जोड्या, वर कागदाचं रीळ, खाली कागद कापायचं पातं. प्रत्येक जोडीला एक स्क्रू. तो किती फेरे आवळायचा यावर चिमटा गोळीला किती दाबून धरेल आणि कागदाला किती पीळ देईल हे ठरायचं. नावाची पट्टी पार झिजलेली. पण अवजारांच्या कप्प्यात एक जाड पुस्तक निघालं. निळा पुठ्ठा, पानापानावर ग्रीसचे अंगठे. पुठ्ठ्यावर ठसठशीत एकच शब्द, इंग्रजीसारख्या अक्षरांत. सगळ्यांनी मिळून तो वाचला: ग्रामाटिका.

"हे हिचं नाव," कानसेन म्हणाला, "आणि हे हिचं पुस्तक."

वाचणाऱ्याला मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याचा गोंधळ नको. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि त्यांच्या नात्यातल्या आणखी काही भाषांत व्याकरणाला हा शब्द आहे. नीट म्हणायचं तर ग्रामातिका. त्या दूरच्या कारखान्यात कुणीतरी कामगार शिकत असणार, आणि दोन घाण्यांच्या मधे वाचायला म्हणून शाळेचं पुस्तक त्याने कप्प्यात ठेवलं असणार. आमच्या कारखान्यात हे कळायला नऊ महिने लागले. मी पलीकडेच राहत होते, भिंतीतून हा शब्द रोज ऐकत होते, आणि जन्मभर व्याकरण शिकवूनही मला वाटत राहिलं की मशीनचं नाव आहे, छान आहे. पुस्तक मी पाहिलं नव्हतं. ते मशीनचं म्हणून कानसेनने दोरीने मशीनलाच बांधून ठेवलं होतं.

बायकांच्या तोंडी ग्रामाटिकाची दोन दिवसांत ग्रामाक्का झाली.

पहिले दोन आठवडे ग्रामाक्का काही बोलेना. मग बोलली, आणि तेव्हा ती मुकीच बरी होती असं वाटलं. मोटर सुरू केली की चिमटे गोळी पकडायचे आणि समोरच्या भिंतीवर नेम धरून फेकायचे. तिसऱ्या चिमट्याचा नेम विशेष चांगला होता. मालक खोलीत आले की गोळी बरोबर त्यांच्या टकलावर बसायची. बायका टेबलाखाली बसून काम करू लागल्या. मावशीने घरून पातेलं आणलं आणि डोक्यावर उपडं घातलं.

"कानसेना, ही गुंडाळते का गोळीबार करते?"

"अजून ओळख व्हायचीय मावशी."

"ओळख होईपर्यंत आमची ओळख पटणार नाही घरच्यांना!"

मग कानसेन पुस्तक घेऊन बसला. शब्द कळत नव्हते, पण पानं चाळताना त्याला एक गोष्ट दिसली आणि त्याच्या अंगावर काटा आला. पुस्तकात जागोजागी तक्ते होते, आणि जवळजवळ प्रत्येक तक्त्यात सहा ओळी होत्या. मशीनला सहा चिमटे. तक्त्यात सहा शब्द.

आता हा माणूस सहावीपर्यंत शिकलेला, पण डोकं फिटरचं. प्रत्येक चिमट्याला एक शब्द आहे, तर शब्दातून किती फेरे हे कळलं पाहिजे. आकडे तर दिलेले नाहीत. मग उरतं काय? अक्षरं. त्याने अक्षरं मोजली. पाच अक्षरं तर पाच फेरे. काही अक्षरांच्या डोक्यावर तिरकी रेघ होती, त्यासाठी पाव फेरा जास्त. एका अक्षरावर नागमोडी रेघ होती, तिथे स्क्रू घट्ट करून किंचित हलवायचा. अशी त्याने सगळी रीत बसवली आणि पहिल्या तक्त्यापासून सुरुवात केली.

तो पहिला तक्ता अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. हाब्लो, हाब्लास, हाब्ला, हाब्लामोस, हाब्लाइस, हाब्लान. चौथा शब्द त्यांच्या लिपीत आठ अक्षरांचा. चौथ्या चिमट्याला आठ फेरे बसले आणि त्याने गोळीचं पीठ केलं. नुसतं पीठ नाही, लिंबाचं पीठ. ते पंख्याखाली उडालं आणि पंधरा बायका एकदम शिंकल्या. मालकही शिंकले. पहिल्या खोलीतला कढईवाला धावत आला, तोही शिंकला. कानसेनने वहीत लिहिलं: ‘तक्ता पहिला. चौथा फार.’

रोज एक तक्ता. सकाळी नवा तक्ता बसवायचा, दुपारपर्यंत बघायचं, वहीत टीप लिहायची, उद्या पुढचा. घरी दाढी करतानाही त्याच्या ओठांत तेच. वहिनी एकदा हातात लाटणं घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, ही ग्रामाटिका कोण?"

"मशीन आहे म्हणे."

"मशीनला कुणी ‘आज तू फार छान बोललीस’ म्हणतं का?"

"तो म्हणेल," मी म्हटलं, आणि तिलाही ते पटलं, कारण लग्नानंतर त्याने तिच्याआधी तिच्या शिलाई मशीनची चौकशी केली होती, हे तिनेच मला सांगितलं होतं.

भिंतीवरची तारीख जवळ येत चालली. मावशी रोज एक दिवस खोडायची, पण हल्ली खोडताना काही बोलायची नाही. हे लक्षण वाईट होतं. मालकांनी भंगारवाल्याला निरोपही धाडला होता. कानसेनची वही भरत आली होती. कुठला तक्ता दोन चिमट्यांना मानवायचा, कुठला तिघांना, पण सहाही एकमताने कधी नांदत नव्हते. एक्याऐंशीव्या दिवशी त्याने एक तक्ता बसवला. तो त्याने इतके दिवस मुद्दाम टाळला होता, कारण शब्द फारच लहान होते आणि एवढ्या थोड्या फेऱ्यांत चिमटा गोळी धरेल असं त्याला वाटत नव्हतं.

सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. तीन, चार, दोन, पाच, चार, तीन.

बटण दाबलं. मावशीने सवयीने पातेलं डोक्यावर घेतलं. चाक फिरलं. एक गोळी खाली पडली. कागदात. दोन्हीकडे पीळ. मग दुसरी. मग तिसरी. मग एखाद्या पिशवीला भोक पडावं तशा गोळ्या, सगळ्या कपडे घातलेल्या, टपटप टपटप टोपलीत.

 कानसेनने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. मग तो लावला तसाच ठेवून तो रडायला लागला, म्हणून सगळ्यांना वाटलं काहीतरी तुटलं.

"काय रे? काय झालं?"

"सहाही बोलतायत मावशी," तो म्हणाला. "एका सुरात."

मग काय! मावशीने पातेलं वाजवलं. बायका टेबलांवर चढल्या. कुणीतरी मालकांना धरून गोल फिरवलं आणि त्यांचा चष्मा फिरत्या चाकात पडता पडता वाचला. भंगारवाला तेवढ्यात हातगाडी घेऊन आला. त्याला सगळ्यांनी खिसे भरून गोळ्या दिल्या आणि परत पाठवला. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्याला कशासाठी बोलावलं होतं.

त्या दिवसापासून त्या खोलीत ते सहा शब्द म्हणजे आरतीसारखे झाले. बायका आता बरण्या भरायच्या कामाला लागल्या होत्या. बोटांच्या चिरा भरून आल्या. मशीनच्या ठेक्यावर एकजण सुरू करायची, सोय, एरेस, एस, आणि बाकीच्या उचलायच्या, सोमोस, सोइस, सोन. स्क्रू सैल झाले तर आवळताना चूक नको म्हणून कानसेननेच त्यांना पाठ करायला लावले होते. मावशीची चाल सगळ्यात चांगली होती. शेवटच्या सोनवर ती एक हेल काढायची.

सहा महिने असे गेले. मग मालकांना दुसरं मशीन हवंसं वाटलं. जुनी मशीनं विकणाऱ्या तिकडच्या व्यापाऱ्यांनी कळवलं, आमचा माणूस येईल, पहिलं मशीन कसं बसवलंय ते बघेल आणि मग ठरवू. पसंत पडलं तर दोन्ही मशीन तुमच्याच फिटरच्या हाताखाली. नाही पडलं तर आमचा फिटर येऊन राहील.

कानसेनचं जेवण सुटलं. वहिनी भिंतीवरून मला सांगायची, "ताटावर बसतो आणि पानं मोजतो बाई. जेवणाची नव्हे, पुस्तकाची." त्याला भीती होती ती वेगळीच. पुस्तक चारशे पानांचं, आणि कामाला आलं होतं एकच पान. पाहुण्याने बाकीच्या तीनशे नव्याण्णव पानांबद्दल विचारलं तर?

"म्हणजे पुन्हा सहावीच झाली बाई," तो मला म्हणाला. तीस-चाळीस वर्षांत सहावीचा उल्लेख त्याने पहिल्यांदाच केला. "परीक्षेला एवढं मोठं पुस्तक, आणि आपल्याला येतंय एवढंसं."

पाहुण्याला आमची भाषा येत नव्हती, थोडं इंग्रजी येत होतं. म्हणून मालकांनी दुभाषी म्हणून मला बोलावलं. माझं इंग्रजी शाळेतलं, पण व्याकरणशुद्ध आहे.

पाहुणा आला तो उंच, वाळका, पांढऱ्या कोटातला. हातात अवजारांच्या दोन पेट्या. आल्या आल्या त्याने टोपलीतली एक गोळी तोंडात टाकली, मग दुसरी, आणि पुढे दिवसभर त्याचा एक गाल फुगलेलाच राहिला. त्याने मशीनभोवती फेरी मारली, मान हलवली. मग मला म्हणाला, "हे बसवलं कसं? आम्ही तर मशीनबरोबर पुस्तक पाठवायला विसरलो होतो. ते मी आत्ता आणलंय."

मला काही समजेना. मी कानसेनकडे पाहिलं. त्याने धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं निळं पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. कागदाची खूण घातलेलं पान स्वतःच उघडून दिलं.

पाहुण्याने पुठ्ठा पाहिला. पान पाहिलं. परत पुठ्ठा पाहिला. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"बाई," तो इंग्रजीत म्हणाला, "हे शाळेचं व्याकरण आहे. माझ्या पुतण्याकडेही आहे."

मी पुस्तक हातात घेतलं. त्या भाषेचं मला काही येत नाही, पण सहा ओळींचा तक्ता मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलाय. मी, तू, तो; आम्ही, तुम्ही, ते. कुठल्याही भाषेत तो त्याच्या बसण्यावरून ओळखू येतो. माझे कान गरम झाले.

"काय म्हणतात बाई?" कानसेनने विचारलं. "पान चुकलं का?"

पंधरा बायका माझ्याकडे बघत होत्या. मालक चष्मा पुसायचं विसरले होते. खोटं सांगणं सोपं होतं, पाहुण्याला कळलंही नसतं. पण पेपर तपासून झाला की निकाल सांगावा लागतो, आणि या मुलाला तो मी यापूर्वी दोनदा सांगितला होता.

"कानसेन," मी म्हटलं, "हे मशीनचं पुस्तक नाही. हे त्यांच्या भाषेचं व्याकरण आहे. शाळेतलं. ग्रामाटिका म्हणजे व्याकरण."

"व्याकरण?"

"हो."

"म्हणजे, तुम्ही शिकवायचात ते?"

"तेच."

 तो मागच्या साखरेच्या पिंपावर बसला. पिंपाला झाकण नव्हतं, म्हणून आत बसला. मावशीने आणि आणखी दोघींनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याच्या पाठीला साखर लागली होती.

"मालक," तो म्हणाला, "पाना कुठे ठेवू?"

मालक चष्मा पुसू लागले. एवढं काही एकदम झालं की त्यांना काय करायचं सुचत नाही. इकडे पाहुण्याने कोट काढून ठेवला होता, खरं पुस्तक उघडलं होतं आणि तो स्क्रू सैल करत होता. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, सहाही चिमट्यांना चार चार फेरे. "आता शास्त्राप्रमाणे चालू या," तो मला म्हणाला. त्याने चार चार फेरे आवळले, हात पुसले आणि बटण दाबलं.

मावशी ओरडली, "खाली वाका!"

पाहुण्याला ती भाषा येत नव्हती. पहिली गोळी त्याच्या कपाळावर बसली, दुसरी त्याच कपाळावर, तिसरी मालकांच्या चहात. पहिल्या चिमट्याने कागद ओढायला सुरुवात केली आणि थांबेचना. बघता बघता पाहुणाच अर्धा गुंडाळला गेला. तिसरा जोरात पीठ दळू लागला. सगळी खोली लिंबाच्या धुक्याने भरली, आणि त्या धुक्यात कोण शिंकतंय आणि कोण हसतंय हे कळेना. मशीन बंद करायला कानसेनच धावला.

पाहुण्याने कपाळ चोळलं. पुन्हा पुस्तक पाहिलं. पुन्हा चार चार मोजले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला तो बटणापाशी गेला तेव्हा मालकांनी ताटली डोक्यावर धरली.

"बाई," कानसेन हळूच म्हणाला, "त्यांना म्हणावं, दहा मिनिटं द्या. मग मी पाना ठेवतो."

मी सांगितलं. पाहुणा बाजूला झाला. कानसेन चाकाजवळ गेला, पण पाना स्क्रूवर बसेना. इतके दिवस त्याला वाटायचं, पुस्तक आपल्या मागे उभं आहे. आता मागे कुणी नव्हतं.

मागे मावशी होती. तिने पातेलं टेबलावर ठेवलं, बोटाने ठेका धरला आणि सुरू केलं, "सोय..."

"एरेस," दोघी-तिघी म्हणाल्या.

"एस," सगळ्या म्हणाल्या.

पाना स्क्रूवर बसला. तीन. चार. दोन. "सोमोस!" पाच. "सोइस!" चार. "सोन!" आणि मावशीचा हेल. तीन.

पाहुण्याच्या हातून पाना पडला. तो पंधरा बायकांकडे बघत राहिला, मग कपाळावरचा कागद न काढताच त्यांच्यात जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "सोय! एरेस! एस!" उच्चार अर्थात त्यांच्यापेक्षा चांगला. कानसेनने बटण दाबलं. टपटप टपटप, गोळ्या टोपलीत, सगळ्या कपडे घातलेल्या.

पाहुणा हसायला लागला. आधी नुसता खांदे हलवून, मग टेबलाला धरून, मग खाली बसून. गालातली गोळी बाहेर पडू नये म्हणून तोंडावर हात धरून हसत होता, त्यामुळे जास्तच हसू येत होतं. तो हसला म्हणून बायका हसल्या, बायका हसल्या म्हणून कढईवाला येऊन विचारू लागला, "काय झालं, काय झालं?" आणि कुणाला सांगता येईना.

दम घेऊन पाहुण्याने मशीनचे सगळे भाग उघडून पाहिले आणि मला समजावलं. हे मशीन तिकडे वीस वर्षं चाललेलं. सहाही चिमटे वेगवेगळे झिजलेले. पुस्तक नव्या मशीनसाठी लिहिलेलं. याला प्रत्येक चिमट्याला त्याच्या त्याच्या मापाचा फेरा हवा, आणि तो शोधायचा तर एकेक जुळणी करून बघत, रोज ऐकत बसण्याशिवाय मार्ग नाही. "एवढा धीर आमच्या कुठल्याच फिटरला नव्हता," तो म्हणाला. "म्हणून तर ते विकलं."

मी हे सांगितलं तेव्हा कानसेनने पाना दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"म्हणजे पास?"

"विचारते," मी म्हटलं, पण विचारायची गरज नव्हती. पाहुण्याने कोटातून पेन काढलं, त्यांच्या खऱ्या पुस्तकातले चार चार फेरे खोडले आणि तिथे तीन, चार, दोन, पाच, चार, तीन लिहिलं. दुसऱ्या मशीनच्या कागदावर फिटरच्या जागी बोट ठेवून त्याने कानसेनला सही करायला सांगितलं. आमचा माणूस येणार नाही, म्हणाला. आलाच तर शिकायला येईल.

सही करून झाल्यावर कानसेनने निळं पुस्तक उघडलं. "बाई, त्यांना विचारा ना. हाब्लामोस म्हणजे काय? पहिल्याच दिवशी त्याने पीठ केलं होतं."

मी विचारलं. "आम्ही बोलतो," पाहुणा म्हणाला.

"बघा!" मालक खुर्चीतून उठलेच. "मी काय सांगत होतो? तुम्ही बोलता म्हणून गोळ्या फुटतात! आता पुस्तकात छापलंय!" मालकांना विनोद करताना कारखान्याने पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे तो विनोद आहे हे कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला.

"आणि आपलं?" मावशी म्हणाली. "सोय-एरेस? जे आपण सहा महिने म्हणतोय ते? काही वंगाळ नाही ना त्यात?"

पाहुण्याने बोटांवर मोजत मला सांगितलं, आणि मी फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं त्यांना सांगितलं. "मी आहे. तू आहेस. तो आहे. आम्ही आहोत. तुम्ही आहात. ते आहेत."

 मशीन चाललं होतं. एकजण पुटपुटत चिमटे मोजत होती. कानसेन चौथ्या चिमट्याकडे बघत होता.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "मी म्हटलं काय मोठा मंत्र असेल. हे तर कुणालाही ठाऊक असतं."

"मग तुझ्या भाषेत म्हणून दाखव," कानसेन म्हणाला, "बघू, सहाही येतात का ओळीने."

मावशीने पदर खोचला. "मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही..." आणि अडखळली, कारण सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. सहावीतल्या मुलीसारखी लाल झाली. मग ती आणि कानसेन दोघंही एकदम माझ्याकडे वळले.

"आम्ही आहोत," मी म्हटलं. "चला. पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांनी."